चार इसा न् धा

माणसानं चाळिशीनंतर काय काय करू नये याची एक यादी आमच्या सौभाग्यवतींनी तयार ठेवलेली आहे. झाडावर चढू नये, पांढरी पँट घालू नये, पंगतीत पैज लावून जिलब्या खाऊ नयेत, आणि रात्री साडेदहानंतर पेटी शिकायला बसू नये. या यादीत फ्रेंच भाषेचा समावेश नव्हता. बँकेत कारकुनी करणाऱ्या, वाणिज्य शाखेच्या पदवीधर आणि गंगापूर रोडवर सुखानं राहणाऱ्या माणसाला फ्रेंचची बाधा होईल, अशी शंका तिला स्वप्नातसुद्धा आली नव्हती. आता ती बाब यादीत आहे. पहिल्या क्रमांकावर आहे.

बाधा झाली ती कन्येमुळे. कन्या अकरावीत गेली आणि दुसरी भाषा कोणती घ्यायची हा प्रश्न घरात आला. मी अर्थातच मराठीच्या बाजूनं उभा राहिलो. मातृभाषेवर पाच मिनिटं बोललो. ज्ञानेश्वरांपासून सुरुवात केली आणि कुसुमाग्रज नाशिकचेच, इथपर्यंत येऊन पोचलो. कन्येनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, फ्रेंच स्कोअरिंग आहे."

आमच्या वेळी विषय दोनच प्रकारचे असत. एक अवघड आणि दुसरे फार अवघड. हा 'स्कोअरिंग' नावाचा तिसरा प्रकार नंतर निघाला. त्या शब्दापुढे ज्ञानेश्वरांचं काही चालेना, तिथं माझी काय कथा! कन्येनं फ्रेंच घेतलं. जेहान सर्कलजवळ एका बाईंकडे शिकवणी लागली. आणि रोज रात्री तिचे शब्द विचारण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण पुस्तक होतं इंग्रजीतून, आणि 'तुमचं इंग्रजी बरं आहे' असं सौभाग्यवतींचं मत. लग्नानंतर अठरा वर्षांत मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक. ते सार्थ करणं भाग होतं.

तर वाचकहो, पुस्तक उघडलं. ते मुळात इंग्रजी बोलणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं होतं आणि त्यामुळे पहिल्या दोन धड्यांत माझी छाती चांगली चार बोटं फुगली. लेखक इंग्रज माणसाला धीर देत होता. बाबा रे, घाबरू नकोस, फ्रेंचमध्ये निर्जीव वस्तूंनासुद्धा लिंग असतं, हळूहळू सवय होईल. मी मनात म्हटलं, एवढंच ना? आमच्याकडे खुर्ची ती, पंखा तो आणि कपाट ते. दूध पिणारं मूलसुद्धा यात चुकत नाही. फ्रेंचांकडे तर दोनच लिंगं, म्हणजे आमच्यापेक्षा एक कमीच. बँक तिथंही स्त्रीलिंगी, पैसा तिथंही पुल्लिंगी. सूर्य तिथंही पुरुष. चंद्र मात्र तिथं बाई निघाली. ज्याला जन्मभर मामा म्हटलं तो एकदम मावशी झाल्यावर दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं, पण तेवढंच.

पुढच्या धड्यात लेखकानं इंग्रजांसाठी आणखी दोन पानं खर्ची घातली होती. समोरच्याला 'तू' कधी म्हणावं आणि 'तुम्ही' कधी म्हणावं! फ्रेंचांकडे 'तू'ला 'त्यु' आणि 'तुम्ही'ला 'व्हु'. आणि गंमत पाहा, त्यावरून त्यांची क्रियापदंसुद्धा आहेत, 'त्युत्वाये' आणि 'व्हुव्वाये'. त्यांचा अर्थ सांगताना इंग्रजी लेखकाला अर्धं पान लागलं. मी कन्येला दोन शब्दांत सांगितला. अरेतुरे करणे आणि अहोजाहो करणे! कन्या खूश झाली. मी स्वयंपाकघराकडे बघून मोठ्यानं म्हणालो, "फ्रेंच म्हणजे काय, मराठीचीच मावसबहीण!" आतून उत्तर आलं, "मग तिला म्हणावं, गॅस संपलाय, तेवढा फोन कर."

ही फुगलेली छाती उच्चारांच्या धड्यात खाली आली.

फ्रेंच माणूस लिहिताना जितका उदार, बोलताना तितकाच चिक्कू. 'पुष्कळ' या अर्थाचा त्यांचा एक शब्द आहे. लिहायची आठ अक्षरं, म्हणायचं 'बोकू'. वाणिज्याच्या पदवीधराला हे सहन होणं कठीण. आठ अक्षरांची गुंतवणूक आणि दोन अक्षरांचा परतावा! पक्ष्याला जो शब्द आहे त्यात पाचही इंग्रजी स्वर हजर असतात आणि पाचांपैकी एकाचाही स्वतःचा उच्चार होत नाही. म्हणायचं 'वाझो'. हजेरीपटावर सह्या सगळ्यांच्या, टेबलावर मात्र कुणीच नाही, असं दृश्य मी सरकारी कचेरीत पाहिलं होतं, भाषेत प्रथमच पाहिलं. पण मग आठवलं, आपल्याकडे तरी काय होतं? जुनी मराठी पुस्तकं काढून बघा. 'घरीं', 'दारीं', 'केलें', 'गेलें'. प्रत्येकाच्या डोक्यावर टिंब आणि उच्चार शून्य. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी त्या अनुस्वारांना एकदम सेवानिवृत्त केलं. फ्रेंचांनी आपल्या निवृत्तांना अजून कामावर ठेवलं आहे, इतकाच फरक.

आणि तो 'र'! तो म्हणे जिभेनं म्हणायचाच नाही, घशातून काढायचा. मी तो काढू लागलो. पहिल्या रात्री सौभाग्यवतींनी मिठाचं कोमट पाणी आणून दिलं. दुसऱ्या रात्री हळद घालून दूध दिलं. तिसऱ्या रात्री शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "भाऊजींना बरं नाही का?" मी 'मेर्सी' म्हणून त्यांचे आभार मानायला गेलो, तर त्या डॉक्टरांचा नंबर घेऊन आल्या.

इथवर सगळी करमणूक होती. मग एका रविवारी पुण्याहून पाहुणे आले. नाशिकला आलेल्या पाहुण्याला पूर्वी पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर दाखवलं की भागत असे. १९९९ साली आमच्या रस्त्याच्या पुढच्या अंगाला सुलाची सुरुवात झाली, तेव्हापासून पाहुण्यांचं दैवत बदललं. आनंदवली आणि सोमेश्वर मागं टाकायचं, गंगापूर धरणाच्या बाजूला जायचं आणि द्राक्षमळे बघायचे. तसे आम्ही गेलो आणि तिकडच्याच एका हॉटेलात बसलो. समोर पेयांची यादी आली. फ्रेंच द्राक्षांची नावं पाहून मला स्फुरण चढलं. इतक्या रात्रींचा अभ्यास कधी कामाला यायचा? मी चष्मा चढवून खणखणीत आवाजात वाचलं, "सॉव्हिग्नॉन ब्लँक!"

आमचा धंदाच असा की 'ब्लँक' शब्द दिसला की पुढे 'चेक' दिसतो. कन्या फस्सकन हसली. नुसती हसली नाही, तर पुण्याच्या मावसभावंडांकडे वळून माझा उच्चार तिनं पुन्हा करून दाखवला. चष्मा चढवण्याच्या अभिनयासकट. टेबल हसलं, शेजारचं टेबलही हसलं. ऑर्डर घ्यायला उभा असलेला पोरगा तेवढा हसला नाही. तो तिथलाच, गिरणाऱ्याच्या बाजूचा होता. वहीवर पेन ठेवून तो हळूच म्हणाला, "सोव्हिन्याँ ब्लाँ का, सर?" जणू मी तेच म्हणालो होतो आणि त्यालाच नीट ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, "लिंबू सरबत."

परतीच्या वाटेवर मी गप्प होतो. पोरीनं केलेली थट्टा ती, एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण लागलं खरं. आणि तिनं ही नक्कल करायची कला शिकली कुठं, हा प्रश्न सोमेश्वरपाशी मनात आला. तो आनंदवलीपर्यंत मी टाळला.

त्यानंतरच्या आठवड्यात आकड्यांचा धडा आला. बँकेतल्या माणसाला आकड्यांची कसली भीती! साठापर्यंत सगळं सुरळीत गेलं. सत्तरला फ्रेंच भाषा एकदम दमली. सत्तराला तिच्याकडे शब्दच नाही. 'स्वासाँत-दिस', म्हणजे साठ-दहा. एकोणऐंशी म्हणजे साठ-दहा-नऊ. ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ', चार-वीस. मी पोट धरून हसलो. म्हटलं, काय हे लोक! आयफेल टॉवर बांधला आणि ऐंशीला शब्द नाही.

कन्या म्हणाली, "हसू नका. एकोणऐंशी म्हणजे एकोणसत्तर प्लस दहा की मायनस दहा, मला अजून कळत नाही. आणि एकोणनव्वद आहे, तर एकोणशंभर का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकोणशंभर का नाही, हे मला बँकेच्या कुठल्याच परीक्षेत विचारलं नव्हतं. मी घाईनं म्हटलं, "पुढं चल. नव्वद?"

"कात्र-व्हँ-दिस."

"म्हणजे?"

"चार-वीस-दहा. चार वीस आणि वर दहा."

माझं हसू तिथंच थांबलं. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. फ्रेंचमध्ये नव्हे. काउंटरवर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कॅशला होतो. बाजाराचा दिवस, रांग दारापर्यंत. एक आजी आली. खालच्या अंगाच्या एका खेड्यातून भाजी घेऊन यायची आणि आठवड्याचे पैसे भरून जायची. दहाच्या नोटांची दोऱ्यानं बांधलेली गड्डी तिनं पुढं सरकवली. मी विचारलं, "किती आहेत?" ती म्हणाली, "चार इसा न् धा नोटा हायेत, भाऊ."

मी पुन्हा विचारलं. म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही. रांगेला ऐकू जावं म्हणून विचारलं. तिनं पुन्हा तितक्याच विश्वासानं सांगितलं, "चार इसा न् धा." मी म्हणालो, "आजी, नव्वद म्हणा, नव्वद! इसा बँकेत चालत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं बंद केले." रांग हसली. मागच्या टेबलावरचे हसले. मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून डोकं बाहेर काढून काय झालं ते विचारून घेतलं आणि तेही हसले. पुढं शाखेत कित्येक दिवस कुणीही नव्वद म्हटलं नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात मी आजीची नक्कल केली, डोक्यावर पदर घेऊन. वन्समोअर मिळाला. आणि सांगायला लाज वाटते, याच हातानं त्यावर एक विनोदी लेखही लिहिला. तो एका दिवाळी अंकात आला. मानधन पाचशे रुपये. म्हणजे पंचवीस इसा.

आजी त्यानंतरही येत राहिली. पण ती बोलेनाशी झाली. नातवाकडून भरून आणलेली स्लिप आणि गड्डी काउंटरवर ठेवायची आणि मी मोजेपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. मला वाटायचं, आजी सुधारली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. घशातला 'र' मुकाट झाला होता. आडवं पडून मी हिशेब मांडला. आजीनं नव्वदला चार वीस आणि दहा म्हटलं, तिला मी हसलो. फ्रेंच माणूस नव्वदला चार वीस आणि दहाच म्हणतो आणि ते शिकायला मी दरमहा फी भरतो. एकच हिशेब, एकच बेरीज. एक नावे पडली अडाणीपणाच्या खात्यावर आणि दुसरी जमा झाली संस्कृतीच्या. असं खातं लिहिणाऱ्या कारकुनाला कुठल्याही बँकेत ठेवणार नाहीत.

मग मी थोडी चौकशी केली. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक इस्पितळ आहे. तेराव्या शतकात फ्रान्सच्या राजानं, नवव्या लुईनं, तीनशे आंधळ्यांच्या आसऱ्यासाठी ती संस्था काढली. तिचं नाव 'कँझ-व्हँ', म्हणजे पंधरा-वीस. आजीच्या भाषेत पंधरा इसा. साडेसातशे वर्षं झाली, ते नाव अजून पाटीवर आहे. तिथं कुणी नक्कल करून वन्समोअर घेत नाही. इंग्रजीतल्या 'स्कोअर' शब्दाचा एक जुना अर्थच वीस. काठीवर खाचा पाडून मोजत आणि विसाला एक खाच, त्यातून तो आला. लिंकनसाहेबांनी १८६३ साली गेटिसबर्गला जे भाषण केलं त्याच्या आरंभी सत्त्याऐंशी वर्षं सांगताना ती विसांनीच मोजली होती. म्हणजे माझी कन्या ज्या 'स्कोअरिंग'साठी फ्रेंचकडे गेली तो शब्दसुद्धा अखेर इसाच! आजी, लिंकन आणि फ्रान्सचा राजा एका रांगेत उभे होते आणि मी त्यांतल्या एकटीलाच हसलो होतो. का?

आता खरं सांगतो. हे त्या दिवाळी अंकातल्या लेखात नव्हतं.

माझी आजी असंच मोजायची. निफाड तालुक्यातलं आमचं गाव. कांद्याच्या गोण्या असोत नाहीतर अंडी, आजीचं मोजणं इसांवरच. मी तिच्या मांडीवर बसून आधी इसा शिकलो, शाळेतले पाढे नंतर. मग कॉलेजसाठी नाशिकला आलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभा राहून 'पानी' म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी 'ण'वर जे कष्ट घेतले ते फ्रेंच 'र'वर घेतलेल्या कष्टांच्या दसपट असतील. खोलीचं दार लावून मी पाणी, लोणी, आणि, कोण, असे घोकत असे. इसा तर असे पुरले की पुन्हा वर येऊ नयेत. आणि वीस वर्षांनी ते माझ्याच काउंटरवर, दोऱ्यानं बांधलेल्या गड्डीसकट उभे राहिले. रांगेतल्या कुणी ओळखण्याआधी मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मी तुमच्यातला आहे, तिच्यातला नाही, हे रांगेला सांगायची ती एक पद्धत होती.

सौभाग्यवतींपाशी हे सगळं बोललो. ती म्हणाली, "पण म्हणून काय कुणी काहीही चुकीचं बोलावं? मग शाळा कशाला?" प्रश्न रास्त होता. चुकीला चूक म्हणायचंच नाही असं ठरवलं, तर कन्या बारावीला बसणार कशी आणि आमची बँक संध्याकाळी बंद होणार कशी?

माझ्या मते याचं उत्तर आमच्या धंद्यात आहे. बँकेत चूक कशाला म्हणतात? दिवसाअखेर रोकड जुळली नाही तर ती चूक. नव्वद नोटांच्या जागी एकोणनव्वद निघाल्या तर ती चूक, मग त्या कितीही शुद्ध भाषेत मोजलेल्या असोत. आजीच्या गड्डीत नव्वद नोटा होत्या. तिनं सांगितल्या तितक्याच, एक कमी नाही, एक जास्त नाही. तिचा हिशेब टॅली होता. जुळलेल्या हिशेबात मी चूक काढली, म्हणजे चूक माझी. मी मोजली ती रक्कम नव्हतीच. मी माणूस मोजत होतो.

आणि शुद्धतेचं म्हणाल तर तिचे पहारेकरी सगळीकडे आहेत. फ्रेंचांची ती सुप्रसिद्ध अकादमी १६३५ सालापासून भाषेवर पहारा देते आहे. तिचे सभासद चाळीस आणि त्यांना म्हणतात 'अमर'. दोन इसा अमर! तरीही शेजारच्या बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच बोलणारी माणसं नव्वदला सरळ 'नोनाँत' म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही. शिकवणीच्या बाईंना मी विचारलं, यातलं बरोबर कोणतं? त्या म्हणाल्या, दोन्ही, पण परीक्षेत पहिलं लिहा. हे उत्तर मला फार आवडलं. परीक्षेपुरता नियम आणि माणसापुरती मोकळीक. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या बरोबरीनं 'वीस सात' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गहजब झाला! विधानसभेपर्यंत विनोद झाले. जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, असं मंगला नारळीकरांसारख्या गणितातल्या विदुषी सांगत होत्या. त्या दिवसांत मीही शाखेत चार विनोद केले होते. कोणाच्या अडचणीवर करतो आहोत, ते पाहिलं नव्हतं.

खरं म्हणजे चुकीचे उच्चार हेच भाषेचं मोठं भांडवल. फ्रेंच पहारेकऱ्याला 'गार्द' म्हणतात. तो शब्द आपल्या पूर्वजांच्या तोंडी आला आणि 'गारदी' झाला. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांवर धावून गेले ते हेच. फ्रेंच सरदार मोशिए बुसी, त्याचा आपल्या कागदपत्रांत 'मुसा बुसी' झाला. पोर्तुगीज अफोन्सोचा हापूस झाला आणि आज 'अहो, तो अफोन्सो म्हणा' असं सांगून कुणी पेटी परत करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक बिनधास्त चुकले म्हणून आपल्याला हे शब्द मिळाले. प्रत्येकाला काउंटरवर माझ्यासारखा भेटला असता तर मराठीत गारदी आला नसता आणि हापूसही. सगळे गप्प बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले असते.

पुढच्या बाजाराला आजी आली. तिनं नेहमीप्रमाणे गड्डी आणि स्लिप ठेवली आणि कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "आजी, किती इसा आहेत आज?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आनंद वगैरे काही नव्हता. ती म्हणाली, "पुन्यांदा थट्टा करतो का रं, भाऊ?"

दोन वर्षांचं व्याज एका वाक्यात वसूल झालं. मी म्हटलं, "नाही आजी. त्या वेळी चुकलं माझं. माझी आजीसुद्धा अशीच मोजायची."

"कुठली तुमची आजी?"

"निफाडकडची."

"मंग तुला येतं का मोजाया?" या वेळी 'तुमची' गेलं आणि 'तुला' आलं. अहोजाहोवरून अरेतुरे झालं, हे फ्रेंच शिकत असल्यामुळे माझ्या चटकन लक्षात आलं. रांग मागं खोळंबली होती. तरी मशीन बाजूला ठेवून मी हातानं मोजायला लागलो. एक इसा, दोन इसा, तीन, चार. वर पंधरा नोटा उरल्या. मी अभिमानानं सांगितलं, "चार इसा न् पंधरा!"

आजीनं कपाळाला हात लावला. "अरं, पंधरा काय म्हन्तो! पाच कमी पाच इसा म्हनावं!" आणि मागं वळून रांगेतल्या बाईला म्हणाली, "बँकेत बसतो, पन याला इसा येत न्हाईत गं!"

रांग हसली. मागच्या टेबलावरचे हसले. साहेबांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं. आजी तोंडाला पदर लावून हसत होती आणि त्या हसण्यात मीही सामील होतो. ती मला हसली यात शंका नाही. पण हसून तिनं मला रांगेबाहेर काढलं नव्हतं, आत घेतलं होतं. हसण्यातही जमेचं आणि खर्चाचं असे दोन प्रकार असतात. इतकी वर्षं विनोद लिहून ते मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन कन्येला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, त्या दिवशी हॉटेलात मी..." मी म्हटलं, "असू दे. पण एकोणऐंशी म्हणजे किती ते आता पाठ कर." दुसऱ्या दिवसापासून तिनं फ्रेंच आकड्यांच्या शेजारी वहीत एक तिसरा रकाना आखला आहे. त्यात इसा आहेत. परीक्षेत त्याला गुण नाहीत, हे तिला माहीत आहे.

आजीच्या स्लिपवर अक्षरी रक्कम मी 'नऊशे पन्नास फक्त' अशीच तपासून घेतली. नियम तो नियम. पण संध्याकाळी रोकड जुळवताना दहाच्या नोटांपाशी आलो तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, पाच कमी पाच इसा. टॅली झाली.